पाय लांबवला, पण हाड कधी भरणार?

सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. गावरिल इलिझारोव्ह यांनी दाखवून दिलं, की हाड कापून त्याची टोकं हळूहळू दूर नेली तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. वेग साधारण दिवसाला 1 मिलिमीटर, तोही थोडाथोडा विभागून. म्हणजे 5 सेंटिमीटर लांबी पन्नासेक दिवसांत मिळते. खरी परीक्षा त्यानंतर. ते नवं हाड कच्चं असतं. ते टणक व्हायला आणखी कित्येक महिने जातात.

नडगीचं हाड मांडीच्या हाडापेक्षा सावकाश भरतं, कारण त्याच्याभोवती स्नायूंचं आवरण कमी. लांबवण्याची घाई, मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही उशीर होतो. तंबाखू तर सर्वांत वाईट. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला रक्त कमी मिळतं. हाड फारच रेंगाळलं तर डॉक्टर हाडाच्या आत बसवलेल्या रॉडच्या एका टोकाचे स्क्रू काढून हाडावर भार येऊ देतात, किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे बसवतात.

रॉड काढायचा तो एक्स-रे पाहूनच. समोरून आणि बाजूने घेतलेल्या चित्रांत हाडाच्या चारपैकी निदान तीन कडा सलग दिसायला हव्यात. रॉड काढेपर्यंत बहुधा वर्ष-दोन वर्षं जातात. काढल्यावरही स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड तिथे कमजोर असतं. म्हणून दुखत नाही एवढ्यावर विसंबून धावू नका. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत थांबा.