राज्य कोणावर?

जिल्हा परिषद गटांच्या आरक्षणाची सोडत ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाली. कोणाचा गट गेला आणि कोणाचा वाचला, हे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत चघळून झाले आहे. अशा सोडतीत चिठ्ठी काढायला बहुधा एखादे शाळकरी पोर बोलावतात. पोर निष्पाप, म्हणून सोडत निःपक्षपाती! प्रत्यक्षात तंटा होतो तो बरणीत कोणत्या चिठ्ठ्या टाकायच्या यावर. आरक्षण आळीपाळीने फिरवण्याच्या चक्रानुक्रमावरून लोक कोर्टात गेले, पोराच्या हातावरून नव्हे.

त्या पोराला राज्य मंडळाच्या पुस्तकात ‘संभाव्यता’ हे प्रकरण भेटते थेट दहावीत, नाणी, फासे आणि बावन्न पत्त्यांसह. (घरी पत्त्यांना हात लावला की ओरडा.) पुस्तकातले नाणे नेहमी प्रामाणिक असते. त्यापेक्षा फोडलेले चार चिंचोके वर्गात शंभर वेळा टाकून मांडून ठेवावेत. पांढरी बाजू जास्त पडते की काळी, हे टाकल्याशिवाय कळत नाही.

पण माझ्या मते खरा धडा, खेळात राज्य कोणावर हे ठरवणाऱ्या चकण्यात आहे. तिघांनी एकदम हात टाकायचे, सरळ किंवा पालथे. वेगळा पडेल तो सुटला, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. शक्यता आठ. दोनांत तिन्ही हात सारखे, म्हणजे पुन्हा चका. उरलेल्या सहांत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन. याहून सरळ न्याय कोणता?

आता बाईंनी दोघांना गुपचूप शिकवावे, की दर वेळी एकमेकांच्या उलट हात टाका. तिसऱ्याने काहीही टाकले तरी त्याचा हात दोघांपैकी एकाशी जुळणारच. म्हणजे तो कधीच सुटत नाही. शेवटी दोघे उरले की सुटलेला साथीदार तिसरा हात घालतो, आणि उलट हातांची तीच चाल पुन्हा चालते. राज्य तिसऱ्यावरच, दर वेळी. कोणी कुठला नियम मोडलेला नाही.

तो ओरडेल, “बाई, हे दोघे रडीचा डाव खेळतायत!” पुरावा? एकेका हातात संशय घेण्यासारखे काही नसते. फळ्यावर खुणा करत गेले तरच दिसते. सरळ खेळात आधीच ठरवलेल्या एका मुलावर सलग दहा वेळा राज्य येण्याची शक्यता ५९,०४९ मध्ये एक. हा गुणाकार पाचवीतली मुलेही करतील, आणि आकडा पाहून वर्गात जो गलका होईल तो संभाव्यतेच्या व्याख्येने कधी होणार नाही.

मग नियम सुधारायला मुलांनाच सांगावे. कोणी म्हणेल, शेवटच्या दोघांत नाणे उडवा. बरे, पण तिसरा शेवटच्या दोघांत असणारच. त्याच्यावर राज्य यायची शक्यता निम्मी, जी मुळात एक तृतीयांश हवी होती. टिकणारा उपाय वेगळा आहे. तिघांनी एकदम एक ते तीन बोटे दाखवायची, बेरजेला तीनने भागायचे आणि बाकी शून्य, एक की दोन यावर राज्य ठरवायचे. दोघांचे संगनमत असो. तिसऱ्याने डोळे मिटून चिठ्ठी काढावी तशी बोटे काढली की डाव पुन्हा तिघांना सारखा. आणि यासाठी लागणारा भागाकार मुलांना चौथीतच येतो.