ऑफिस ते रेस ट्रॅक, एकाच टायरवर!

वीकडेजना वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड. वर्षातून एखाद-दोन वीकेण्डना मात्र हेल्मेट घालून थेट रेस ट्रॅकवर! अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांमधून असा डबल रोल करणाऱ्या हॅचबॅक हल्ली दिसू लागल्यात. मालक अर्थातच नोकरदार. गाडी एकच, पार्किंग एकच आणि पगारही एकच. एक्झॉस्ट झाला, एअर फिल्टर झाला, स्टिकर्स तर कधीच लागले. आता प्रश्न येतो टायरचा. खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा होता, कारण गाडीचा आणि रस्त्याचा संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, आणि यातलं प्रत्येक ठिकाण तुमच्या तळहाताएवढं असतं. ब्रेक कितीही भारी लावा, इंजिन कितीही ट्यून करा, शेवटी सगळं या चार तळहातांवरच!

आधी ट्रॅक कुठे ते बघा

मुंबईकराच्या घराजवळ मोठा रेस ट्रॅक नाही. कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो मुख्यतः कार्टिंगसाठी प्रसिद्ध. गाडी घेऊन जायची ठरलेली ठिकाणं म्हणजे कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे (एस. करिवर्धन यांच्या नावाचा, २००३ साली सुरू झालेला, लांबी २.१ किलोमीटर), चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक (३.७ किलोमीटर) आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झालं.

आता जरा हिशोब करू. बोरिवलीहून कोइम्बतूर साधारण १,३०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन २,६००. तिथे दिवसभरात अगदी ६० लॅप मारल्या, तरी होतात १२६ किलोमीटर. म्हणजे ट्रॅकवरच्या एका किलोमीटरमागे हायवेवरचे वीस! त्यात रोजचं बोरिवली-सीप्झ धरा. दिवसाला ३० किलोमीटर आणि वर्षाला २५० दिवस म्हटलं, तरी साडेसात हजार झाले. माझ्या मते टायर निवडीचा सगळा फंडा या आकडेमोडीत आहे. टायर ट्रॅकला चालला पाहिजे हे खरं, पण तो राबणार आहे रस्त्यावर.

चार प्रकारची रबरं

पहिला प्रकार कंपनीतून गाडीबरोबर येणारा. मायलेज देतो, आवाज कमी करतो, वर्षानुवर्षं टिकतो. ट्रॅकवर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या लॅपलाच तापतो आणि किंचाळायला लागतो. त्याच्या नक्षीचे ठोकळे उंच आणि मऊ बांधणीचे असतात, वळणावर ते वाकतात, तापतात आणि कडेने तुकडे उडायला लागतात.

दुसरा प्रकार खऱ्या परफॉर्मन्स टायरचा. मिशलॅनचा पायलट स्पोर्ट ४ हे त्यातलं माहितीतलं नाव. साइडवॉल कडक, रबर चिकट, पण पाणी बाहेर फेकायला खोल खाचा शाबूत.

तिसरा प्रकार योकोहामाच्या अ‍ॅडवान निओवासारखा, म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला पण जीव ट्रॅकवर अडकलेला. चौथा म्हणजे सेमी-स्लिक. टोयोचा आर८८८आर घ्या किंवा मिशलॅनचा कप २ घ्या, खाचा नावापुरत्या आणि ग्रिप अफाट. अट एकच, रस्ता कोरडा हवा आणि टायर तापलेला हवा. थंड सेमी-स्लिक जेव्हीएलआरच्या सिग्नलवर काहीही जादू दाखवत नाही.

अनेक टायर्सच्या कडेवर ट्रेडवेअर नावाचा आकडा छापलेला असतो. ही अमेरिकन पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या ठरलेल्या रस्त्यावर टायर पळवून, एका प्रमाण टायरच्या तुलनेत तो किती टिकला ते मोजतात. प्रमाण टायरला १००, म्हणजे ३०० वाला अंदाजे तिप्पट टिकाऊ. आकडा लहान तितकं रबर मऊ, असं ढोबळपणे धरा. दुसरा प्रकार ३०० च्या आसपास, तिसरा २०० च्या, सेमी-स्लिक त्याच्याही खाली. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी काटेकोर जुळवू नका, कारण आकडा कंपनी स्वतःच ठरवते.

पाऊस आणि खड्डे

आता आपलं शहर. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे कोणी विसरलेलं नाही. तेवढा रोज पडत नाही, पण जून ते सप्टेंबर हायवेवर पाण्याचे थर साचतातच. टायरच्या खाचांचं काम ते पाणी बाजूला ढकलण्याचं. खाचा पुरल्या नाहीत की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग नसतो. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते, कायद्याने किमान १.६ लागते. ट्रॅकवर घासून ३ मिलिमीटरवर आलेला टायर कायद्याला चालतो, पण जुलैच्या मुंबईला नाही. सेमी-स्लिकवर पावसाळ्यात ऑफिसला जाणाऱ्याला टशन नाही, नशीब लागतं!

दुसरा शत्रू खड्डा. मोठी अलॉय आणि पातळ टायर फोटोत झक्कास दिसतात. पण जरा मोजून बघा. १८५/६५ आर १५ या साइजच्या टायरची साइडवॉल १२० मिलिमीटर असते. (१८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे तिच्या ६५ टक्के उंची, १५ म्हणजे रिमचे इंच.) त्याजागी २०५/४५ आर १७ टाकलात, तर चाकाचा व्यास जवळपास तोच राहतो, पण साइडवॉल उरते ९२ मिलिमीटर. ते गेलेले २८ मिलिमीटर म्हणजे खड्ड्यात तुमची रिम वाचवणारी गादी होती. एलबीएस मार्गावर उखडलेला एक पेव्हर ब्लॉक, आणि टायरला फुगा किंवा रिमला बाक. फुगा आलेला टायर ट्रॅकवर नेणं म्हणजे सरळ आत्महत्या.

मधला मार्ग आहे. १९५/५५ आर १६. व्यास १८५/६५ आर १५ पेक्षा एका मिलिमीटरनेही वेगळा नाही, म्हणजे स्पीडोमीटर खरं बोलतो. साइडवॉल उरते १०७ मिलिमीटर. मात्र साइजनंतरचा आकडा आणि अक्षर नक्की वाचा. ८८ एच म्हणजे टायरमागे ५६० किलो वजन आणि ताशी २१० किलोमीटर. ८७ व्ही म्हणजे ५४५ किलो आणि ताशी २४०. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा वजनाचा आकडा खाली जाऊ देऊ नका.

दोन सेट का नाही?

परदेशातले हौशी लोक सांगतात, रस्त्याला एक सेट ठेवा, ट्रॅकला दुसरा. सल्ला योग्यच. पण ठेवायचा कुठे? वन बीएचकेच्या बाल्कनीत चार चाकं रचली, तर घरचे आपल्याला बाल्कनीत झोपवतील. सोसायटीच्या डक्टमध्ये ठेवली तर सेक्रेटरीकाका नोटीस लावतील. आणि न्यायची कशी? हॅचबॅकच्या मागच्या सीटा पाडून चार चाकं कशीबशी बसतात, पण मग बरोबरचा मित्र ट्रेनने येणार. जागा आणि पैसे असतील तर दोन सेट जरूर करा. बाकीच्यांसाठी उत्तर एकच, दुसऱ्या प्रकारचा परफॉर्मन्स टायर. ट्रॅकवर लॅपमागे एखाद-दोन सेकंद जातील. जाऊ देत. शिकणाऱ्याला असा टायर उलट बरा, कारण तो सुटण्याआधी आवाज करून सांगतो. सेमी-स्लिक शेवटपर्यंत गप्प धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो.

दुकानात काय बघाल?

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. परफॉर्मन्स टायर कमी खपतो, त्यामुळे जुना माल गळ्यात पडायची शक्यता जास्त. पडून राहिलेलं रबर कडक होतं, नक्षी नवीकोरी दिसली तरी. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात परवान्याच्या यादीत घातली, त्यानंतर बाहेरून येणारे चिकट टायर मिळणं आणखी अवघड झालं. त्यामुळे 'इम्पोर्टेड आहे, स्वस्तात देतो' ऐकलं की आधी तारीख वाचा, आयएसआयची खूण शोधा, मग भाव करा. देशी टायरना नाकं मुरडू नका. सीएटचा कारखाना तर आपल्याच भांडुपला आहे.

हवेचं गणित

ट्रॅक डेला जाणाऱ्याच्या बॅगेत दोन वस्तू हव्यात, स्वतःचा प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर. टायर दर ५-६ अंश तापला की हवा साधारण १ पीएसआयने वाढते. सकाळी थंड टायरमध्ये भरलेली ३२ ची हवा काही लॅपनंतर सहज ३८-४० होते, टायर मधून फुगतो आणि ग्रिप कमी होते. म्हणून प्रत्येक सेशननंतर गरम टायरची हवा मोजून थोडी सोडायची. खांद्यावर खडूची रेघ मारून ठेवा. रेघ किती पुसली त्यावरून टायर किती वाकतोय ते कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघताना हवा परत भरा. ट्रॅकवर सोडलेली हवा रात्री टायर थंड झाल्यावर आणखी खाली येते. कमी हवेचा टायर हायवेवर आतून तापतो, आणि पावसात तर कमी वेगालाच पाण्यावर तरंगायला लागतो. निघण्याआधी चाकांचे नट घट्ट करा, टायरवरून हात फिरवून फुगा किंवा चीर बघा.

राहता राहिली रस्त्यावरची रेस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली त्याला दंड आहे, तुरुंगवासही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे. ट्रॅकवर चुकलात तर पुढे मोकळी जागा असते, हायवेवर चुकलात तर पुढे कोणाची तरी अ‍ॅक्टिव्हा असते. टायरवर एवढे पैसे घालणारच असाल, तर त्यांची हौस १,३०० किलोमीटर लांब फेडा. आणि मुंबईत परतल्यावर त्याच टायरनी पावसात वेळेवर ब्रेक लावला, तर पैसे वसूल झाले म्हणून समजा!