आवाज येतोय, चित्र नाही

व्हीसीडीचा जमाना साधा होता. १९९३च्या त्या मानकात चित्र एमपीईजी-१ पद्धतीनेच दाबायचं, हे ठरलेलं. आकार ३५२ बाय २८८, एका तबकडीवर ७४ मिनिटं. मारामारीच्या दृश्यात पडद्यावर चौकोनी ठोकळे नाचायचे, पण सिनेमा दिसायचा नक्की.

२०००च्या आसपास अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत मावू लागला आणि घरोघरच्या असेंबल्ड पीसीवर तक्रार सुरू झाली : आवाज येतोय, चित्र नाही. फाइलच्या नावापुढे एव्हीआय असायचं. पण एव्हीआय म्हणजे नुसता डबा. आतलं चित्र डिवएक्सने दाबलंय की एक्सविडने, हे झाकणावरून कळायचं नाही. मग कुणाकडून तरी कोडेक पॅक, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणाऱ्या प्रोग्रामांचा गठ्ठा, आणायचा. दोन पॅक एकत्र आले की दोन्ही बंद! शेवटी मशीन फॉरमॅट.

दोष चित्र दाबण्याच्या गणिताचा क्वचितच होता, अडायचं ते मालकीपाशी. मायक्रोसॉफ्टच्या एमपीईजी-४ कोडेकला एव्हीआयमध्ये मज्जाव होता. जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने ते कुलूप तोडलं, तोच पहिला डिवएक्स. एमपी३चंही तसंच. कानाला एरवीही जाणवले नसते असे आवाज गाळून सीडीचे सेकंदाला १४११ किलोबिट १२८ वर आणणं, ही जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांची खरी करामत. पण पेटंटांपायी फेडोरा लिनक्समध्ये एमपी३ २०१६च्या अखेरीपर्यंत आपसूक वाजत नव्हतं.

घरच्या पीसीची सुटका केली ती व्हीएलसी या प्लेअरने. पॅरिसजवळच्या एकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांचा हा १९९६चा प्रकल्प २००१मध्ये सर्वांना खुला झाला. बहुतेक कोडेक पोटातच असल्याने पॅक शोधत फिरणं संपलं. माझ्या मते त्या काळातलं घरगुती वापराचं याहून उपयोगी सॉफ्टवेअर दुसरं नाही.

२००३चा एच.२६४ हा कोडेक मात्र निमूटपणे सगळीकडे पसरला. त्याच्या पुढच्या, २०१३च्या एच.२६५ने जुनं दुखणं परत आणलं : आयफोनवर काढलेला व्हिडिओ विंडोजवर उघडायला गेलं, की एक्स्टेन्शन विकत घ्या म्हणतं. या परवान्यांना कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स वगैरेंनी २०१८मध्ये एव्ही१ हा कोडेक फुकट दिला. आता परवाना आडवा येत नाही, पण एव्ही१ उलगडणारी सोय चिपमध्येच नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर फोर-के लावून बघा.