उपाशीपोटीचं प्रथिन

सकाळी साडेसातला लॅबच्या बाकावर मंडळी कोपराच्या खोबणीत कापूस दाबून बसलेली असतात. पिशवीत पोह्यांचा डबा. रक्त दिलेलं असतं साखरेसाठी, पण त्याच नळीत रात्रभराच्या उपासानं वर चढलेलं एक प्रथिन असतं, ज्याची चौकशी कुणी करत नाही. त्याचं नाव आयजीएफबीपी-१. डबा उघडला की ते उतरणीला लागतं.

नाव बोजड आहे, काम साधं. आयजीएफ-१ हा शरीराची वाढ घडवणारा ७० अमिनो आम्लांचा रेणू. १९७८ मध्ये रिंडरक्नेक्ट आणि हुंबेल यांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा तो इन्सुलिनचा जवळचा भाऊबंद निघाला. असा रेणू रक्तात मोकाट फिरला तर साखर पाडेल, म्हणून सहा बंधक प्रथिनं त्याला धरून असतात. त्यातलं आयजीएफबीपी-३ म्हणजे मुदत ठेव. बहुतेक साठा तिथेच. आयजीएफबीपी-१ ही गल्ल्यातली चिल्लर, तासातासाला बदलणारी.

गल्ल्याची किल्ली इन्सुलिनकडे. यकृताच्या पेशीत फॉक्सओ-१ नावाचं प्रथिन आयजीएफबीपी-१ च्या जनुकाला चालू ठेवतं. जेवणानंतर इन्सुलिन आलं की फॉक्सओ-१ वर फॉस्फेट चिकटतं, त्याची केंद्रकातून हकालपट्टी होते आणि उत्पादन थंडावतं.

आता गंमत अशी, की स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतत राहतं आणि यकृत हा एक हुकूम मात्र पाळत राहतं. म्हणून लठ्ठपणात, पीसीओएसमध्ये हे प्रथिन कमी सापडतं, साखर अजून ठीक दिसत असतानाही. पुढे स्वादुपिंड थकलं किंवा यकृतही ऐकेनासं झालं की आकडा पुन्हा वर सरकतो. त्यामुळे सोबत इन्सुलिन मोजलं नसेल तर नुसत्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही. आपल्याकडे जास्तीच्या इन्सुलिनचा हा धागा फार लवकर सुरू होतो: पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला २००२ मध्ये दिसलं, की लंडनच्या गोऱ्या बाळांहून वजनानं हलक्या असलेल्या पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं.

टाइप-१ मधुमेहात चित्र उलटं. निरोगी शरीरात स्वादुपिंडाचं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं आणि जवळपास निम्मं तिथेच खर्ची पडतं. सुईनं दिलेलं इन्सुलिन कातडीखालून सगळ्या अंगभर फिरून येतं. यकृताच्या वाट्याला त्यातलं थोडंच. मग आयजीएफबीपी-१ चढलेलं, मोकळं आयजीएफ-१ घटलेलं. ही घट भरून काढायला वाढीचं संप्रेरक जास्त स्रवतं, आणि ते इन्सुलिनचा परिणाम आणखी बोथट करतं. मात्रा वाढवून हे पुरतं सुधारत नाही. काही रुग्णांना पोटाच्या पोकळीत इन्सुलिन सोडणारे पंप बसवले, तेव्हा मात्र आयजीएफबीपी-१ खाली आलं. औषध तेच होतं, फक्त यकृताकडे जाणारा रस्ता जवळचा होता.