टेबलाचा मालक बदलतो तेव्हा

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते काढायला जावे, तर पोस्टग्रेस डेटाबेस साफ नकार देतो आणि कारणांची यादीच समोर ठेवतो: हा अमुक टेबलाचा मालक आहे, तमुक व्ह्यूचा मालक आहे. घाईच्या वेळी वैताग येतो, पण हा अडसर मोलाचा आहे. बेवारस टेबल इथे चालत नाही.

मालकीचा हा विचार जुना आहे. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली त्याची रीतसर मांडणी केली. टेबल बनवेल त्याचे त्यावर सर्व हक्क. ते हक्क तो इतरांना देऊ शकतो आणि परतही घेऊ शकतो.

पोस्टग्रेसमध्ये मालकी म्हणजे कॅटलॉगमध्ये नोंदवलेला एक क्रमांक. म्हणून टेबलात शंभर ओळी असोत की शंभर कोटी, मालक बदलायला वेळ सारखाच लागतो. डेटा जागचा हलत नाही. फक्त टेबलाला क्षणभर पूर्ण कुलूप लागते. आधीची एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल, तर ती संपेपर्यंत थांबावे लागते.

खरी गुंतागुंत व्ह्यूमध्ये आहे. समजा, पगाराच्या टेबलावर फक्त नाव आणि विभाग दाखवणारा व्ह्यू आहे. तो उघडणाऱ्याला मूळ टेबल वाचायची परवानगी लागत नाही, कारण एरवी तपासले जातात ते व्ह्यूच्या मालकाचे हक्क. हा व्ह्यू पगाराचे टेबल वाचता न येणाऱ्याच्या नावावर केला, तर काल चालणारा अहवाल आज बंद पडतो. मालकाच्या अधिकाराने चालणारे फंक्शन सुपरयूजरच्या नावावर गेले, तर धोका उलट्या बाजूने येतो: ते चालवू शकणाऱ्या कोणाच्याही हाती अमर्याद सत्तेचा दरवाजा येतो. माझ्या मते प्रत्येक बदलीपूर्वी हे तपासायलाच हवे.

एका खात्याची सगळी मालमत्ता 'रीअसाइन ओन्ड' या आज्ञेने एकदम दुसऱ्याकडे सोपवता येते. मात्र ती चालू डेटाबेसपुरतीच चालते. प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन ती पुन्हा द्यावी लागते. त्या खात्याला मिळालेले हक्क तरीही उरतात. ते 'ड्रॉप ओन्ड'ने काढायचे. हा क्रम चुकवू नका. 'ड्रॉप ओन्ड' आधी दिले, तर टेबलेच पुसली जातात.

म्हणून मालकी माणसाच्या नावावर नसावी. लॉगिन नसलेला एक रोल मालक करावा आणि कर्मचाऱ्यांना त्याचे सदस्य. नवे टेबल बनवण्यापूर्वी मात्र 'सेट रोल' करून त्या रोलमध्ये शिरावे लागते, नाहीतर ते टेबल बनवणाऱ्याच्याच नावावर चढते.