लेकरू गाडीत बसवलं, म्हणजे झालं का?



आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे दिवस वह्या, दप्तर, गणवेश यांच्या धावपळीत जातात. वह्यांचा भाव आपण चार दुकानांत विचारतो. बुटाचा तळ वाकवून पाहतो. पण ज्या गाडीत आपलं लेकरू रोज दोनदा बसणार, तिच्याबद्दल बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : महिन्याचे किती घेता?

आज आम्ही त्यापुढच्या प्रश्नांबद्दल बोलणार आहोत. अमरावतीच्या साईनगरातलं किंवा अकोल्याच्या कौलखेडातलं लेकरू स्कूल बसने, व्हॅनने नाहीतर ऑटोने शाळेत जातं. खेड्यातलं लेकरू एसटीची वाट पाहतं. शाळेच्या गाडीवर लक्ष ठेवायला कायद्याने पालकांनाही जागा दिली आहे. ती जागा बहुतेक ठिकाणी रिकामी असते, कारण ती आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

नियम कशापायी झाले?

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची एक बस यमुना नदीत कोसळली. २८ मुलं दगावली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी आदेश दिले. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. गाडीला वेग रोखणारं यंत्र हवं. दार नीट बंद होणारं हवं. चालकाला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. आणि चालकाशिवाय आणखी एक जबाबदार माणूस गाडीत हवा.

महाराष्ट्र सरकारने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियमच केले. पिवळा रंग, अग्निशामक नळकांडं, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडवे गज, संकटकाळी बाहेर पडायचं दार, मुलांची नावं, पत्ते, रक्तगट आणि थांबे लिहिलेली यादी, मदतनीस आणि मुली असतील तर बाई मदतनीस, हे सगळं त्यातून आलं. शाळा आणि वाहतूकदार यांच्यात लेखी करार असावा, हेही त्यात आहे. यातली एकेक गोष्ट कुणाच्या तरी लेकराच्या जिवावर बेतल्यावर लिहिली गेली आहे. म्हणून 'एवढं काय बघायचं' असं म्हणू नका.

गाडी पाहताना

पहिली खूण नंबरप्लेटची. भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी वापराची. अशा गाडीतून भाडं घेऊन लेकरं नेता येत नाहीत. ओळखीतला माणूस आहे, गाडीही नवीकोरी आहे, पण पाटी पांढरी आहे, तर नको म्हणा. खाजगी गाडीचा विमा भाड्याच्या वाहतुकीसाठी काढलेला नसतो. अपघात झालाच तर दवाखान्याचा खर्च आणि भरपाई, दोन्ही अडकतात.

दुसरी खूण कागदांची. त्यासाठी कुणाशी वाद घालायची गरज नाही. मोबाईलवर सरकारचं एम-परिवहन नावाचं अ‍ॅप आहे. त्यात गाडीचा नंबर टाकला, की फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, पीयूसी संपली का, हे दिसतं. गाडी आठ वर्षांपर्यंतची असेल तर फिटनेसची तपासणी दर दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी करावी लागते. अमरावतीच्या गाड्यांचा नंबर एमएच-२७ ने आणि अकोल्याच्या एमएच-३० ने सुरू होतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढचे आकडेही एकदा वहीत लिहून ठेवा.

तिसरी खूण गॅसची. गाडीचं इंधन कोणतं, हे नोंदणीच्या कागदावर लिहिलेलं असतं. कागदावर पेट्रोल आणि सीटखाली घरगुती सिलिंडर, अशी गाडी म्हणजे चालतं-फिरतं संकट. लेकराला विचारा, गाडीत गॅसचा वास येतो का? लेकरं खरं सांगतात.

दाटीवाटीचा हिशोब

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ऑटोला चालक सोडून तीन प्रवाशांचा परवाना असतो. प्रत्यक्षात किती लेकरं बसतात, ते आपण रोज पाहतो. दोघं चालकाच्या बाजूला, दोघं मागे पाय सोडून, दप्तरं बाहेर लटकलेली. व्हॅनमध्ये सीटांच्या मधे लाकडी फळी टाकलेली. ही गाडी जोरात ब्रेक मारते, तेव्हा त्या फळीवरच्या लेकराला धरायला काहीच नसतं.

पण सगळा दोष चालकाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. साधा हिशोब करून पाहू. समजा, एका व्हॅनवाल्याला महिन्याला बारा हजार मिळाले तर गाडी परवडते. आठ लेकरं असतील तर प्रत्येकाचे दीड हजार होतात. आपण सातशे-आठशेवर अडून बसलो, तर तो सोळा लेकरं भरणार. म्हणजे आपण वाचवलेले साडेसातशे रुपये लेकराच्या बसायच्या जागेतून कापले गेले.

आणि इथेच आपली जीभ अडते. ऑटोवाले भाऊ आपल्याच गल्लीतले असतात. पावसापाण्यात ते लेकराला घरापर्यंत सोडतात, कधी पैसे थकले तर थांबतात. "त्या भाऊले कसं म्हणावं, की लेकरं कमी बसवा?" असं कितीतरी बाया आम्हाला विचारतात. एकटीने म्हणूच नका. एका गाडीत जाणाऱ्या सगळ्या लेकरांच्या आया एका संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर बसा. भाऊंनाही बोलवा. त्यांचा खर्च त्यांच्या तोंडून ऐका. मग ठरवा : लेकरं किती, महिन्याचे किती, सुट्टीच्या महिन्याचं काय, गाडी बिघडली तर दुसरी कोण आणणार. परवडेल असं भाडं आपण दिलं, तर जागा मागायचा हक्क आपोआप येतो. ज्या घराला वाढीव भाडं खरंच झेपत नाही, तिथे दोन-तीन घरांनी आळीपाळीने लेकरं पायी पोहोचवायचं जमतं का, तेही त्याच बैठकीत बघा.

आपली जागा : शाळेची परिवहन समिती

२०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग, बस कंत्राटदार यांचे लोक सदस्य, आणि त्यांच्यासोबत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी. गाड्यांचे कागद तपासणं, थांबे ठरवणं, बसभाड्याचा विचार करणं ही या समितीची कामं. तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हायला हवी.

म्हणून शाळा सुरू झाली, की मुख्याध्यापकांना एक साधा अर्ज द्या : आमच्या शाळेच्या परिवहन समितीत कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली? अर्जावर पाच-दहा पालकांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका. पालक-शिक्षक संघाच्या निवडीच्या दिवशी घरी थांबू नका. त्या दिवशी जी बाई हात वर करते, तीच पुढे या समितीत बसू शकते.

शाळेने दाद दिली नाही, तर वर जिल्ह्याची समिती आहे. जिथे पोलीस आयुक्त आहेत, म्हणजे अमरावती शहरात, तिथे आयुक्त तिचे अध्यक्ष. अमरावती ग्रामीण आणि अकोला जिल्ह्यात पोलीस अधीक्षक. आरटीओ कार्यालयातही लेखी तक्रार देता येते. तक्रारीत गाडीचा नंबर, वेळ आणि ठिकाण लिहा.

थांबा, रस्ता आणि ऋतू

गाडीत बसताना आणि उतरताना धोका मोठा असतो. बसच्या अगदी पुढे चालकाला दिसत नाही अशी जागा असते. लेकराची पेन्सिल पडली आणि ते उचलायला वाकलं, तर चालकाला ते दिसतच नाही. घरी शिकवा : उतरलं की बाजूला सरायचं, बस निघून जाऊ द्यायची, मग रस्ता ओलांडायचा. आणि आपण रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून "ये, ये" असा हात करायचा नाही. लेकरू आईकडे बघतं, रस्त्याकडे नाही. थांबा ज्या बाजूला, त्याच बाजूला जाऊन उभं राहायचं.

अमरावती-अकोला महामार्गावर तर हे फार सांभाळायला हवं. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या तुकड्यात ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, तसा गाड्यांचा वेगही वाढतो. कुरुम, माना, बोरगाव मंजू भागातल्या लेकरांचे थांबे अशा रस्त्यालगत असतील, तर ते आत सर्व्हिस रोडवर घ्या म्हणून समितीत मागणी करता येते.

आपल्याकडे ऋतूप्रमाणे धोकेही बदलतात. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यावरच्या पुलावरून पाणी जात असेल, तर गाडी घालायची नाही, हे चालकाला आधीच सांगून ठेवा. एक दिवस शाळा बुडाली तर चालते. दिवाळीच्या सुमाराला दर्यापूर, अकोटकडच्या रस्त्यांवर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, मग कापसाच्या ट्रॉल्या निघतात. धुक्याच्या सकाळी त्या दिसत नाहीत, म्हणून गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली तरी कुरकुर करू नका. आणि एप्रिलचं ऊन! बंद गाडी उन्हात थोडा वेळ उभी राहिली, तरी आत भट्टी होते. लहान लेकरू सीटवर झोपून गेलं आणि चालक गाडी बंद करून गेला, तर जीव जाऊ शकतो. प्रत्येक फेरीनंतर शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं, हा नियम मदतनीस बाईंकडून पाळून घ्या. आणि लेकरू शाळेत पोहोचलं नाही, तर हजेरीनंतर लगेच घरी फोन यावा, असं शाळेशी ठरवा.

खेड्यातल्या मुलींसाठी

ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. इतर विद्यार्थ्यांना भाड्याच्या जेमतेम एक तृतीयांश पैशांत पास मिळतो. काही तालुक्यांत मानव विकास मिशनच्या निळ्या बसही शाळेच्या वेळेला धावतात. बस वेळेवर येत नाही म्हणून पोरीची शाळा सोडवू नका. ग्रामसभेचा ठराव आणि शाळेचं पत्र घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जा. पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळाच नसेल, तर शिक्षण हक्काच्या नियमांनुसार ने-आण करण्याची सोय मागता येते. त्यासाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

स्कुटीवाल्या आयांनो

कायद्याने चार वर्षांवरच्या लेकरालाही हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान लेकराला हेल्मेटसोबत आईला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ४० च्या आत. आणि नववी-दहावीतल्या पोराच्या हातात शिकवणीसाठी गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लेकरू गप्प झालं तर

शेवटचं, पण फार महत्त्वाचं. रोज हसत जाणारं लेकरू अचानक "त्या गाडीत नाही जात" म्हणू लागलं, तर रागावू नका. जवळ घ्या आणि ऐका. मोठी मुलं छळत असतील, गाडी फार जोरात पळत असेल, किंवा कुणी नको तिथे हात लावत असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाल्यावर सरकारने शाळांच्या सुरक्षेबद्दल नवा आदेश काढला. चालक आणि मदतनिसांची चारित्र्य पडताळणी झाली का, हे तुम्ही शाळेला विचारू शकता. तशी वेळ आलीच, तर १०९८ किंवा ११२ वर फोन करा. पोक्सो कायद्यात लेकराचं नाव गुप्त राहतं. जबाब घरीही घेता येतो, आणि शक्यतो महिला अधिकारीच तो घेतात, तेही वर्दीत न येता. 'लोक काय म्हणतील' यासाठी लेकराला गप्प बसवू नका.

हे कापून दारामागे चिकटवा

• गाडीचा नंबर, चालक आणि मदतनीस यांचे फोन.
• पाटी पिवळी आहे. फिटनेस आणि विमा चालू आहे.
• प्रत्येक लेकराला पाठ टेकून बसायला जागा आहे.
• लेकराला आई-बाबांचा फोन नंबर पाठ आहे.
• कोण घ्यायला येणार, हे चालकाला माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती लेकरू सोपवायचं नाही.
• रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, मुलांची मदत १०९८.

मैत्रिणींनो, यातलं एकच काम या आठवड्यात करायचं असेल, तर गाडीतल्या बाकी लेकरांच्या आयांना बोलवा. चहा तुमच्याकडे, हिशोब सगळ्यांचा.