लोहाची ज्वारी कोणाच्या ताटात?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेसोबत 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. जादा लोह आणि जस्त असलेले हे देशातील पहिले ज्वारी वाण. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम लोह आणि 20 मिलिग्रॅम जस्त असते. यात ते 45 आणि 32 च्या आसपास भरते. परक्या जनुकाची भानगड यात नाही. अनेक वाणांचे दाणे तपासायचे, लोह जास्त असेल त्यांचा संकर करायचा, पुन्हा निवडायचे. दाणा न दळता क्ष-किरणांच्या यंत्रावर लोह मोजता येऊ लागले, तेव्हा हे काम सोपे झाले.

आता सवाल असा की, अहमदपूर तालुक्यात दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या ताटात ही भाकर आली का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्त आटवून राबणाऱ्यांनाच लोहाची गरज सर्वात जास्त आहे. पण खरिपात शिवार सोयाबीनने भरलेले असते आणि मजुराच्या घरी येते ते मुख्यतः रेशनचे गहू-तांदूळ.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. काढणीत पाऊस आला की खरीप ज्वारी काळी पडते, व्यापारी भाव पाडतो, उरलेले पाखरे खातात. सोयाबीनला निदान लातूरची बाजारपेठ आहे. म्हणून ज्वारी पेरा असा उपदेश करण्याआधी सरकारने ती विकत घ्यावी. कायद्याची आडकाठी मुळीच नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्नधान्य’ म्हणजे तांदूळ, गहू आणि भरडधान्यही. परभणी शक्ती हमीभावाने घेऊन रेशन दुकान आणि अंगणवाडीत दिली, तर भूमिहीनालाही लोह मिळेल. 2021 मध्ये दिल्लीने रेशनच्या तांदळात कारखान्यात लोह मिसळण्याची घोषणा केली. त्याआधी तीन वर्षे शेतात लोह भरणारी ज्वारी हाताशी होती, तिची आठवण मात्र झाली नाही!

दुसरी गोष्ट गायरानाची. 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. तरी कसणाऱ्याच्या हाती सातबारा नसेल तर अनुदानाचे बियाणे आणि पीक विमा दोन्ही दूर. कोरडवाहू, हलक्या रानात ज्वारी तग धरते, वर जनावरांना कडबा होतो. म्हणजे हे वाण ज्यांच्या कामाचे, त्यांनाच कागद अडवतो. तहसीलमध्ये हे अर्ज पुन्हा रेटले पाहिजेत.

परभणी शक्ती संकरित नाही, सुधारित वाण आहे. त्यामुळे पहिल्या पिकातले बी राखून पेरता येते. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याचे कलम 39 शेतकऱ्याला बी राखण्याचा, अदलाबदलीचा, विकण्याचाही हक्क देते. फक्त छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. चार घरांनी मिळून एक पिशवी आणली तरी गल्लीची सोय होते. विद्यापीठाचा खरीप मेळावा आणि बियाणे विक्री 18 मे च्या सुमारास, विद्यापीठाच्या वर्धापन दिनी, परभणीला असते.